एचडी ते डीव्हीडी: पाचातले चार ठिपके सोडताना

घरातल्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ मी आत्याला डीव्हीडीवर घालून दिला होता. ऐंशी मिनिटांची, पावणेदोन जीबीची फाइल आणि ४.७ जीबीची डिस्क, म्हणजे ऐसपैस मावली. कॉम्प्युटरमध्ये लावून पाहिली, झकास चालली. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "अरे, कोरी डिस्क दिलीस की काय मला? मशीन नुसतं घरघरतंय आणि पडद्यावर काहीतरी एरर येतंय."

डिस्क कोरी नव्हती. पेन ड्राइव्हवर चढवतो तशी फाइल मी जशीच्या तशी डिस्कवर चढवली होती. कॉम्प्युटरला ते चालतं, आत्याच्या प्लेअरला चालत नाही, आणि यात त्या बिचाऱ्या प्लेअरचा काही दोष नाही.

'डीव्हीडी' या एकाच शब्दाने आपण दोन निरनिराळ्या गोष्टी म्हणतो, तिथेच घोळ होतो. एक म्हणजे ती चकती. तिच्यावर फोटो, हिशेब, व्हिडिओ, काहीही साठवता येतं. दुसरी म्हणजे डीव्हीडी-व्हिडिओ नावाची नियमावली. चित्र कोणत्या मापाचं हवं, आवाज कोणत्या प्रकारचा हवा, फायलींना नावं काय द्यायची, त्या कोणत्या फोल्डरात ठेवायच्या, हे सगळं तिच्यात ठरलेलं आहे. टीव्हीखालचा प्लेअर चकती फिरवतो खरा, पण वाचतो ते फक्त या नियमावलीत बसणारं.

नियमावली जुनी आहे. पहिले प्लेअर नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात विक्रीला आले. चित्र दाबून लहान करायची तेव्हाची उत्तम रीत म्हणजे एमपेग-२, तीच प्लेअरच्या चिपमध्ये बसवली गेली. तुमच्या मोबाइलची किंवा कॅमेऱ्याची फाइल बहुतेक एच.२६४ किंवा एचईव्हीसी या रीतीने दाबलेली असते. पहिली आली २००३ मध्ये, दुसरी २०१३ मध्ये. प्लेअरची भाषा त्याआधीच ठरून गेलेली. नंतरच्या काही प्लेअरना यूएसबी होतं, त्यांना एखाददुसरी जास्तीची भाषाही येते, पण दुसऱ्याला डिस्क द्यायची तर त्यावर विसंबू नये.

आता पहिला धक्का. माझी पावणेदोन जीबीची एचडी फाइल नियमाप्रमाणे बदलून घेतली तर ती चार जीबीच्या वर गेली. चित्र आधीपेक्षा लहान आणि फाइल दुपटीहून मोठी! कित्येक जण इथेच थांबतात आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं समजतात. काही बिघडलेलं नसतं. फाइल किती मोठी होणार ते चित्राच्या मापापेक्षा दर सेकंदाला किती बिट खर्च होतात यावर ठरतं, आणि एमपेग-२ चा हात सढळ आहे. दोन्ही रीतींचं मूळ तत्त्व एकच: मागच्या फ्रेममध्ये (व्हिडिओतल्या एका स्थिर चित्रात) जे होतं ते पुन्हा लिहायचं नाही, फक्त काय हललं ते लिहायचं. पण एमपेग-२ चित्राचे मोठे, ठरावीक चौकोन पाडते आणि मागची एक व पुढची एक, एवढ्याच फ्रेमकडे पाहते. एच.२६४ गरजेप्रमाणे चौकोन लहान-मोठे करते, मागच्या बऱ्याच फ्रेम धुंडाळते आणि चौकोनांच्या कडा पुसून काढते. सारख्याच चित्राला जुनी रीत साधारण दुप्पट बिट मागते. म्हणून फाइल फुगली याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट डिस्कवर जागा असताना फाइल फुगली नसेल, तरच काळजी करा.

आता चित्राचं माप. पूर्ण एचडी म्हणजे १९२०×१०८०, एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके. पाल पद्धतीच्या (भारत, युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीचं माप ७२०×५७६, म्हणजे ४,१४,७२०. भागून पाहा, बरोबर पाचवा हिस्सा येतो. एनटीएससी (अमेरिका, जपानातली पद्धत) डीव्हीडी ७२०×४८० ची, म्हणजे नेमका सहावा हिस्सा. फोर-के असेल तर पालला विसावा. कुठल्याही जादूई सॉफ्टवेअरची जाहिरात वाचताना हा भागाकार आठवावा. एचडी गुणवत्तेची डीव्हीडी नावाची वस्तू नसते.

पण पाचातले चार ठिपके सोडायचे म्हणजे एक ठेवून चार केरात टाकायचे असं नाही. तसं केलं तर तिरप्या रेघांना जिन्यासारख्या पायऱ्या पडतात आणि बारीक चौकड्यांचा शर्ट वळवळायला लागतो. चांगलं सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांचं मिश्रण करून नवा ठिपका बनवतं. सेटिंगमध्ये 'बायक्यूबिक' किंवा 'लँकझॉस' अशी नावं दिसली की ती याच कामाची, दोन्हींपैकी कोणतंही चालेल. या मिश्रणात एक फायदाही आहे. अंधारात घेतलेल्या शॉटमधले रंगीत कण बरेचसे एकमेकांत जिरून जातात. त्यामुळे नीट लहान केलेलं एचडी चित्र जुन्या हँडिकॅमच्या थेट चित्रणापेक्षा डीव्हीडीवर उजवं दिसतं.

मापात आणखी एक गंमत आहे. ७२० आणि ५७६ यांचं प्रमाण ५:४ पडतं, आपला व्हिडिओ मात्र १६:९. मग रुंद चित्र त्या चौकोनी डब्यात बसतं कसं? दोन्ही बाजूंनी चेपून. डिस्कवर सगळी माणसं उंच, सडपातळ असतात. सोबत एक खूण लिहिलेली असते, 'हे १६:९ आहे, दाखवताना ताणा.' प्लेअर ताणतो आणि माणसं मूळ अंगकाठीवर येतात. खूण राहून गेली की सडपातळ माणसं तशीच पडद्यावर उभी राहतात. माझ्या दुसऱ्या डिस्कमध्ये हेच झालं, तेव्हा आत्या म्हणाली, "मी बारीक दिसतेय, राहू दे की तसंच!" तुम्हाला राहू द्यायचं नसेल तर एन्कोड करताना, म्हणजे फाइल एमपेग-२ मध्ये बदलताना, १६:९ निवडा, आणि पुढे ऑथरिंगच्या (डिस्कची रचना बांधायच्या) सॉफ्टवेअरमध्येही तेच निवडलंय ना हे बघा. खूण दोन्हीकडे लिहिली जाते, आणि दोन्हीकडे एकच नसेल तर काही प्लेअर गोंधळतात. चित्राला आधीच वर-खाली काळ्या पट्ट्या लावून ४:३ करायच्या भानगडीत पडू नका. जुना चौकोनी टीव्ही असेल तर पट्ट्या प्लेअर स्वतः लावतो. मोबाइल उभा धरून काढलेल्या व्हिडिओला मात्र इलाज नाही. तो आडव्या पडद्याचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापतो, बाकी काळोख.

आता सगळ्यात जास्त डिस्का जिथे वाया जातात तो भाग: हालचाल.

जुना टीव्ही एक फ्रेम एकदम दाखवत नसे. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी, मग २, ४, ६ अशा सम ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि या पद्धतीला इंटरलेस. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० फील्ड. एका फ्रेममधली दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. तेवढ्यात हात हललेला असतो. अशी फ्रेम कॉम्प्युटरवर थांबवून बघा. स्थिर भिंत स्वच्छ दिसेल, पण टाळ्या वाजवणाऱ्या हातांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतील. एक ओळ हात इथे म्हणते, पुढची ओळ तिथे.

काही कॅमेरे एचडीतही असंच चित्रण करतात. त्याला १०८०-आय म्हणतात. हे चित्र सरळ लहान केलं की काय होतं? १०८० ओळींच्या ५७६ करताना सॉफ्टवेअर शेजारच्या ओळी एकत्र मिसळतं. पण शेजारच्या ओळी तर वेगवेगळ्या क्षणांच्या! दोन क्षणांची खिचडी होते, कंगव्याचे दात विरघळून हाताच्या जागी धुरकट दुहेरी सावली उरते, आणि ती नंतर कशानेही वेगळी करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी डिइंटरलेस करायचं, म्हणजे एकात एक गुंतलेली फील्ड सोडवायची, तेही प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम बनवून, म्हणजे सेकंदाला ५०. मग लहान करायचं. मग हव्या तर पुन्हा दोन-दोन फ्रेममधून ओळी घेऊन ५० फील्ड विणायच्या. काम वाढतं, पण धावणारं मूल टीव्हीवर धावताना दिसतं, ठेचकाळताना नाही.

विणताना आधी कोणतं फील्ड दाखवायचं, हेही लिहावं लागतं. एचडी चित्रणात बहुधा वरचं आधी असतं, जुन्या डीव्ही टेपमध्ये खालचं आधी. उलटं पडलं तर माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे, पुन्हा पुढे असा थरथरत चालतो. ही थरथर एकदा पाहिलीत की पुन्हा कधी चुकायचं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र ती बहुधा दिसतच नाही, ही खरी पंचाईत.

मोबाइलचा व्हिडिओ इंटरलेस नसतो, ती कटकट वाचते. पण तिथे दुसरी आहे. मोबाइल बहुतेक सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, पालला हव्या २५. दर सहातली एक फ्रेम टाकावी लागते, आणि कॅमेरा सावकाश एका बाजूला फिरवलेला शॉट सेकंदाला पाच वेळा अडखळतो. ३० चा व्हिडिओ असेल आणि प्लेअर एनटीएससी वाचत असेल, तर सरळ एनटीएससी डिस्क बनवा. तिची गती २९.९७, म्हणजे जवळजवळ तीच. ओळी ९६ कमी मिळतात, पण माझ्या मते अडखळण्यापेक्षा त्या गेलेल्या परवडल्या. पाल देशांतले बरेचसे प्लेअर एनटीएससी डिस्क चालवतात. उलट दिशेने तेवढा भरवसा नाही. शिवाय मोबाइलची गती ठरलेली नसते. उजेड कमी झाला की तो फ्रेम कमी टिपतो, पुन्हा वाढवतो. आधी गती एकसारखी करून घेतली नाही तर ओठ आणि आवाज यांची हळूहळू फारकत होते. सुरुवातीला कळत नाही, शेवटच्या भाषणापर्यंत वक्ता बोलून गप्प झालेला असतो आणि आवाज चालूच.

सिनेमासारखं २४ फ्रेमचं चित्रण पालसाठी बहुधा थोडं पळवून २५ वर नेतात. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे पाचेक मिनिटं लवकर संपतो.

आता हिशेब. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो. कुणी चोरलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ४.७ अब्ज बाइटचे बिट केले की ३७,६०० मेगाबिट होतात. त्याला सेकंदांनी भागा. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, दर सेकंदाला ५.२ मेगाबिट. त्यातून आवाजाचे आणि बांधणीचे वजा केले की चित्राला ४.७-४.८ उरतात. हे ठीक आहे. दीड तासाला एकूण जवळजवळ ७ मिळतात, हे उत्तम. तीन तास कोंबायचे म्हटलं तर ३.५ सुद्धा नाहीत, आणि नाचाच्या शॉटमध्ये चौकोन उमटायला लागतात. त्यापेक्षा दोन डिस्का करा, किंवा ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क घ्या.

एकच तासाचा व्हिडिओ असेल तर हिशेबाने १०.४ येतात, पण तेवढे द्यायचे नाहीत. नियमावलीत चित्राला ९.८ आणि सगळं मिळून १०.०८ मेगाबिट ही कमाल मर्यादा आहे. मी ८ च्या वर जात नाही. कारण प्लेअरजवळ आलेला डेटा धरून ठेवायला एक छोटीशी बादली असते, चित्रासाठी अवघी २२४ केबीची. घरी बनवलेल्या डिस्कवर एखादी जागा नीट वाचली गेली नाही आणि नेमकी तिथेच बिटांची धार मोठी असली, तर बादली रिकामी पडते आणि चित्र गोठतं. दुकानातली छापील डिस्क जे झेपवते ते घरच्या डिस्ककडून मागू नये.

बिट सगळीकडे सारखे वाटण्यात शहाणपण नाही. भाषण करणाऱ्या माणसाला कमी लागतात, कारंज्याला खूप. म्हणून 'टू-पास' निवडा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळा व्हिडिओ नुसता पाहून कुठे किती लागतील ते टिपून ठेवतं, दुसऱ्या फेरीत वाटप करतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. लागू दे, झोपायच्या आधी लावून ठेवा. सरासरी बिटरेट (दर सेकंदाचे बिट) वरच्या कमाल मर्यादेजवळ असेल तर मात्र दुसऱ्या फेरीने फारसा फरक पडत नाही.

आवाजाचं सोपं आहे. मोबाइलचा आवाज एएसी प्रकारचा असतो, डीव्हीडीला तो चालत नाही. डॉल्बी डिजिटल म्हणजे एसी-३ करा, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनेलना १९२ किंवा २५६ किलोबिट, संपलं. रंगाचंही एक लक्षात ठेवा. एचडी आणि जुना टीव्ही यांची रंग मोजण्याची सूत्रं वेगळी आहेत, ७०९ आणि ६०१ या क्रमांकांची. सॉफ्टवेअरने हे रूपांतर केलं नाही तर हिरवळ आणि चेहऱ्यांचा रंग किंचित सरकतो. शेजारी मूळ चित्र ठेवल्याशिवाय कळणार नाही इतका, पण एकदा कळला की खटकत राहतो.

इथवर तुमच्या हातात एमपेग-२ फाइल आली. ती अजूनही डीव्हीडी नाही. तिचे एक जीबीपर्यंतचे व्हीओबी तुकडे, कुठे काय आहे ते सांगणाऱ्या आयएफओ फायली आणि त्यांच्या बीयूपी नावाच्या राखीव प्रती, हे सगळं 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरात बसवावं लागतं. याला ऑथरिंग म्हणतात. डीव्हीडीस्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं, एन्कोडही स्वतःच करतं, मेनूही बनवून देतं. बारकावे आपल्या हातात हवे असतील तर एन्कोड एफएफएमपेगने करा. त्यात 'पाल-डीव्हीडी' नावाचं तयार टार्गेट आहे, ते दिलं की माप, गती, आवाज, बादली सगळं नियमात बसतं. हँडब्रेक मात्र या कामाचं नाही. त्यातून एमपी-४ किंवा एमकेव्ही निघते, डीव्हीडी नाही, आणि तरीही दर दुसरा माणूस तेच सुचवतो. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये डीव्हीडी मेकर सोबतच यायचा. ८ पासून तो काढून टाकला.

बर्न करताना सगळ्यात जास्त वेग निवडू नका, मधला पुरे. डिस्क 'फायनलाइझ' करायला, म्हणजे लेखन पूर्ण करून बंद करायला, विसरू नका. त्याशिवाय दुसऱ्याचा प्लेअर तिला ओळखत नाही. वर चिकटणारं लेबल लावू नका, ते जरासं तिरपं बसलं तरी फिरताना डिस्कचा तोल जातो. आणि पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर काढून टीव्हीवर पाहा, तुमचा प्लेअर ती वाचत असेल तर. फील्डची थरथर तिथेच दिसते.

आत्याची तिसरी डिस्क अशी सगळी पथ्यं पाळून केली. चित्र ठीक, आवाज ओठांना धरून, माणसं आपापल्या अंगकाठीची. संध्याकाळी फोन आलाच. चित्राच्या स्पष्टतेबद्दल, ज्यासाठी मी रात्रभर दोन फेऱ्या लावून ठेवल्या होत्या, ती चकार शब्द बोलली नाही. "छान आहे रे. पण मी गाते ना, तिथे एकदम जाता येत नाही का? प्रत्येक वेळी पळवत न्यावं लागतं."

मी चॅप्टर टाकलेच नव्हते. चॅप्टरची खूण कुठल्याही फ्रेमवर बसत नाही, जी फ्रेम पूर्ण लिहिलेली आहे, मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून नाही, तिच्यावरच बसते. पालमध्ये अशी फ्रेम फार तर दर पंधराव्या जागी येते, म्हणजे चूक झाली तर ०.६ सेकंदाची. आत्या घसा खाकरते, मग गाते. मी खूण खाकरण्याच्या आधी ठेवली आणि चौथी डिस्क बर्नला लावली.